आतड्यातले जिवाणू आणि जुलाब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलाब लागले की घरात दोन प्रश्न लगेच निघतात : काय खाल्लं होतं, आणि थांबणार कशाने? या दोन्हींच्या मधला एक प्रश्न मात्र राहून जातो. आतड्यात नेमकं घडतंय काय? ते समजलं, की कोणता उपाय का करायचा आणि कोणता का टाळायचा हे बरंचसं आपोआप उलगडतं. म्हणून इथे भर त्यावर आहे. घरात आत्ता कोणी आजारी असेल तर आधी खालचा 'दवाखान्यात कधी न्यायचं?' हा प्रश्न वाचा, बाकीचं नंतर.

आतड्यात जिवाणू असणं हेच मुळात वाईट आहे का?

नाही. माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा अंदाज आहे, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या संख्येच्या आसपास. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचणारे तंतू ते पचवतात, काही जीवनसत्त्वं तयार करतात आणि बाहेरून येणाऱ्या जंतूंना जागा मिळू देत नाहीत.

ज्याचं नाव ऐकून लोक घाबरतात तो ई. कोलायसुद्धा यातलाच. जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ थिओडोर एशेरिक यांनी १८८५ साली तान्ह्या बाळांच्या शौचात तो प्रथम दाखवला. जन्मानंतर काही दिवसांतच तो बाळाच्या आतड्यात वस्ती करतो आणि जन्मभर तिथे असतो. संख्येने तो तसा थोडाच, एकूण जिवाणूंच्या एक टक्क्याहूनही कमी. त्याचा एक वाण तर औषध म्हणून वापरला जातो : पहिल्या महायुद्धात आजूबाजूचे जवान हगवणीने आजारी पडत असताना एक जवान ठणठणीत राहिला. जर्मन डॉक्टर आल्फ्रेड निसले यांनी १९१७ साली त्याच्या शौचातून हा वाण वेगळा काढला होता.

मग तोच ई. कोलाय आजार कसा करतो?

नाव एक असलं तरी सगळे ई. कोलाय सारखे नसतात. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या निरुपद्रवी के-१२ वाणाचा जनुकसंच सुमारे ४६ लाख अक्षरांचा आहे. रक्ती जुलाब करणाऱ्या ओ१५७:एच७ वाणाचा सुमारे ५५ लाखांचा. हा जो जादा भाग आहे, त्यात आजार करण्याची बरीचशी सामग्री असते : आतड्याला चिकटण्याचे धागे, विष तयार करणारी जनुकं, पेशीत प्रथिनं टोचणारी सुई.

ही सामग्री येते कुठून, हे मला या विषयातलं सगळ्यात लक्षवेधी वाटतं. जिवाणू एकमेकांना जनुकांचे छोटे गोलाकार तुकडे देतात, त्यांना प्लास्मिड म्हणतात. शिवाय जिवाणूंना लागण करणारे विषाणू असतात, म्हणजे फेज. एखादा फेज जिवाणूला न मारता त्याच्या जनुकसंचात मुक्काम ठोकतो आणि येताना विषाचं जनुक घेऊन येतो. कालचा साधा जिवाणू आज विषारी होतो तो असा. कॉलऱ्याचं विषही कॉलऱ्याच्या जंतूला एका फेजकडूनच मिळालेलं आहे, हे १९९६ साली सिद्ध झालं.

त्यामुळे 'ई. कोलाय सापडला' एवढ्या वाक्यातून काहीच कळत नाही. कोणता वाण आणि त्याच्याकडे काय आहे, हे विचारावं लागतं.

जुलाबात एवढं पाणी येतं कुठून? पेशंटने तर काही प्यायलेलंही नसतं.

शरीरातूनच येतं. रोज आपल्या आतड्यातून आठ ते नऊ लिटर द्रव जातो. त्यातलं दोनेक लिटर आपण प्यायलेलं आणि खाण्यातून गेलेलं. उरलेलं सगळं लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव. एवढ्यातून शौचावाटे बाहेर पडतं ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सगळं आतडं पुन्हा शोषून घेतं.

म्हणजे आतड्याच्या अस्तरात सतत दोन कामं चालू असतात : क्षार आणि पाणी आत सोडणं, आणि ते परत ओढून घेणं. हा तोल थोडासा जरी ढळला तरी काही तासांत लिटरच्या हिशेबात पाणी बाहेर जातं. जुलाब करणारे जिवाणू नेमका हाच तोल बिघडवतात, मात्र प्रत्येकाची रीत वेगळी. ढोबळमानाने तीन रीती आहेत : काही विष सोडून पाणी बाहेर काढतात, काही अस्तराला चिकटून ते खरवडतात, आणि काही पेशींत घुसून दाह माजवतात.

विष सोडणारे जिवाणू नेमकं काय करतात?

याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे एंटेरोटॉक्सिजेनिक ई. कोलाय, ज्याला थोडक्यात ईटीईसी म्हणतात. प्रवासात लागणाऱ्या जुलाबांमागे आणि जिथे पाणी अस्वच्छ असतं तिथे लहान मुलांच्या जुलाबांमागे तो फार वेळा असतो. दूषित पाणी किंवा अन्न पोटात गेल्यावर साधारण एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो.

लहान आतड्यात पोचल्यावर तो आधी बारीक केसांसारख्या धाग्यांनी अस्तराला धरून बसतो. धरता आलं नाही तर वाहून जाईल, म्हणून हे पहिलं काम. मग तो दोनपैकी एक किंवा दोन्ही विषं सोडतो. त्यातलं एक उष्णतेने नाश पावणारं आहे. ते पेशीत शिरून सीएएमपी नावाच्या निरोप्या रेणूचं उत्पादन कायमचं चालू करून ठेवतं. हा निरोप मिळाला की पेशीतली क्लोराइडची दारं उघडतात, क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागतं, त्यामागे सोडियम जातं आणि त्या दोघांमागे पाणी. दुसरं विष उष्णतेला दाद देत नाही, उकळूनही टिकतं. ते आकाराने अगदी चिमुकलं, जेमतेम १८–१९ अमिनो आम्लांचं असतं. आपल्याच आतड्यात पाण्याचं नियमन करणारं ग्वानिलिन नावाचं एक संप्रेरक असतं, त्याची हे विष हुबेहूब नक्कल करतं. आतड्याला वाटतं आपल्याच शरीराचा हुकूम आहे, आणि ते पाणी सोडत राहतं.

यात पेशी मरत नाहीत, आतड्याला जखम होत नाही, ताप बहुधा नसतो, शौचात रक्त नसतं. नुसतं पाणी. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलत असतात, आणि नव्या पेशींवर विषाचा परिणाम झालेला नसतो. असे जुलाब काही दिवसांत आपोआप थांबण्यामागे हेही एक कारण आहे. प्रश्न एवढाच, की तोवर शरीरात पाणी पुरतं का.

कॉलरा म्हणजे हेच का?

यंत्रणा जवळजवळ हीच, तीव्रता भयंकर. कॉलऱ्याचं विष आणि ईटीईसीचं उष्णतेने नाश पावणारं विष ही भावंडंच आहेत. फरक असा, की कॉलऱ्याच्या गंभीर रुग्णाचं तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं आणि उपचार न मिळाल्यास काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. तांदळाच्या धुवणासारखं, जवळपास वासहीन शौच होतं.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कोलकात्यात हा जंतू ओळखला, पण तो मारतो कसा हे त्यानंतर ७५ वर्षं कळलं नव्हतं. कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी १९५९ साली जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सशाच्या आतड्यात सोडला, आणि आतडं पाण्याने टम्म फुगलं. म्हणजे जंतूची हजेरीही गरजेची नव्हती, त्याचं विष पुरेसं होतं. या शोधाची किंमत जगाला फार उशिरा कळली. आज आपण जुलाबांबद्दल जे बोलतो त्यातलं कितीतरी त्या प्रयोगावर उभं आहे, आणि डे यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे असायला हवं.

अस्तराला चिकटून बसणारे ते कोणते?

एंटेरोपॅथोजेनिक ई. कोलाय, म्हणजे ईपीईसी. याचा त्रास मुख्यतः दोन वर्षांखालच्या मुलांना. बालरुग्णालयांत उन्हाळ्यात येणाऱ्या जुलाबांच्या साथींमागे ई. कोलायचा विशिष्ट वाण आहे, हे जॉन ब्रे यांनी १९४५ साली लंडनमध्ये दाखवलं.

लहान आतड्याच्या पेशींच्या वरच्या बाजूला अतिशय बारीक बोटांसारखी टोकं असतात. शोषणाचं काम त्यांच्यामुळे होतं. ईपीईसी पेशीवर उतरतो आणि ही टोकं सपाट करून टाकतो. मग एका सूक्ष्म सुईतून पेशीच्या आत प्रथिनं सोडतो. त्यातलं एक प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतं आणि त्यालाच हा जिवाणू घट्ट पकडतो. म्हणजे पकडायचा खुंटाही तो स्वतःच घेऊन येतो! हे १९९७ साली कॅनडातल्या संशोधकांनी उघड केलं, तोवर कोणाला अशी कल्पनाही नव्हती. यानंतर पेशी त्याच्याखाली स्वतःच्याच धाग्यांचा चौथरा उभारते आणि जिवाणू त्यावर ठाण मांडतो. शोषण करणारा पृष्ठभागच गेल्यामुळे पाणी आणि अन्न तसंच पुढे जातं. मुलाचे जुलाब लांबतात आणि वजन उतरतं ते यामुळे.

शौचात रक्त किंवा आव का पडते?

रक्त दिसलं म्हणजे अस्तर फाटलेलं आहे. आता नुसता पाण्याचा प्रश्न उरलेला नाही.

यात पहिलं नाव शिगेलाचं. कियोशी शिगा यांनी १८९७ साली जपानमधल्या हगवणीच्या मोठ्या साथीत तो शोधला. शिगेला मोठ्या आतड्याच्या पेशींत घुसतो, आत वाढतो आणि पेशीतल्याच प्रथिनांची शेपटी आपल्यामागे तयार करून तिच्या जोरावर थेट शेजारच्या पेशीत शिरतो. त्यामुळे रक्तातल्या संरक्षक प्रतिपिंडांना तो फारसा सापडतच नाही. पांढऱ्या पेशी धावून येतात, दाह होतो, व्रण पडतात. मग ताप, पोटात मुरडा, वारंवार थोडी थोडी शौच आणि त्यात रक्त, आव, पू असं चित्र दिसतं. जनुकांच्या दृष्टीने पाहिलं तर शिगेला हा ई. कोलायच आहे, वेगळं नाव इतिहासामुळे टिकून राहिलं.

ओ१५७ बद्दल एवढी भीती का?

कारण त्याचं नुकसान आतड्यापुरतं थांबत नाही. १९८२ साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या मांसातून पसरलेल्या रक्ती जुलाबांच्या साथीमुळे हा वाण प्रथम ओळखला गेला. तो शिगा विष तयार करतो, आणि हे विष त्याला फेजकडून मिळालेलं आहे. पेशीत प्रथिनं बनवणारा जो कारखाना असतो, रायबोसोम, त्यातला नेमका एक घटक हे विष कापून टाकतं आणि प्रथिननिर्मिती थांबते. एरंडाच्या बियांमधलं रिसिन हे जहरही नेमकं हेच करतं.

हे विष रक्तात उतरून मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतं. तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट घटतात, मूत्रपिंडं काम थांबवतात. याला एचयूएस म्हणतात. ओ१५७ झालेल्या साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत, आणि त्यातही लहान मुलांत जास्त, ही गुंतागुंत होते. पालकांनी लक्षात ठेवायची गोष्ट अशी : जुलाब सुरू झाल्यावर पाच ते दहा दिवसांनी, म्हणजे पोट सुधारतंय असं वाटत असताना हा आजार डोकं वर काढतो. रक्ती जुलाब होऊन गेलेलं मूल पांढुरकं दिसू लागलं, मलूल झालं, लघवी कमी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गायीगुरांच्या आतड्यात हा जिवाणू बिनबोभाट राहतो. त्यांच्या रक्तवाहिन्यांवर या विषाला धरायला जागाच नसते, म्हणून त्यांना काही होत नाही. शेणाशी संपर्क आलेलं मांस, कच्चं दूध, पाणी आणि पालेभाज्या यांतून तो माणसापर्यंत येतो.

दोन वेगळे प्रकार एकत्र येऊ शकतात का?

आले आहेत. २०११ च्या मे ते जुलैदरम्यान जर्मनीत ओ१०४:एच४ या वाणाची साथ आली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले, आठशेहून जास्त जणांना एचयूएस झाला आणि पन्नासहून अधिक मृत्यू झाले. नेहमी मुलांना होणारी ही गुंतागुंत इथे मोठ्या प्रमाणावर प्रौढांना, विशेषतः स्त्रियांना झाली. अस्तरावर जाड थर करून चिकटणाऱ्या एका ई. कोलायला शिगा विषाचा फेज मिळाला होता. आधी संशय काकड्यांवर गेला, शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं, आणि शेवटी माग लागला तो मोड आलेल्या मेथीपर्यंत. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जिवाणूंनाही तितकीच मानवते, आणि कच्चे मोड धुऊन जंतू पूर्ण जात नाहीत. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना मोड शिजवूनच द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर?

हे दोन्ही जिवाणू बहुतेकदा कोंबडी, अंडी, कच्चं दूध यांतून येतात, दोन्ही अस्तरात शिरून दाह करतात. कॅम्पिलोबॅक्टरनंतर क्वचित, हजारात एखाद्याला, गियाँ-बारे हा नसांचा आजार होतो : जिवाणूचं वरचं आवरण आपल्या नसांच्या आवरणासारखं असल्यामुळे प्रतिकारशक्ती चुकून नसांवरच हल्ला करते. जुलाबांनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांतली शक्ती जाऊ लागली तर हे आठवावं.

जेवल्यावर दोन-तीन तासांतच उलट्या सुरू झाल्या. इतक्या लवकर जंतू वाढतात?

नाही वाढत. तिथे विष अन्नातच आधी तयार झालेलं असतं. स्टॅफिलोकॉकस आणि बॅसिलस सिरियस हे जिवाणू त्यातले नेहमीचे. शिजवलेलं अन्न तासन्‌तास बाहेर राहिलं की त्यात ते वाढतात आणि विष सोडतात, आणि हे विष पुन्हा गरम करून जात नाही. एक ते सहा तासांत उलट्या, बहुधा दिवसभरात आराम. इथे प्रतिजैविकाचा, म्हणजे अँटिबायोटिकचा, काडीचाही उपयोग नाही.

अन्न बाहेर राहिलं की काय होतं याचा अंदाज हवा असेल तर हा हिशेब करा : मानवणाऱ्या तापमानात जिवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे सात तासांत २० लाखांहून जास्त.

किती जंतू पोटात गेले की आजार होतो?

जंतूनुसार यात प्रचंड फरक पडतो. शिगेला आणि ओ१५७ चे दहा ते शंभर जंतूही पुरतात. ईटीईसी किंवा कॉलऱ्याला लाखो ते कोट्यवधी लागतात. म्हणून हगवण हातावरून हातावर पसरते, पाळणाघरात पसरते, एका घरात पाठोपाठ सगळ्यांना होते. कॉलरा मात्र बहुतेकदा मोठ्या प्रमाणावर दूषित झालेल्या पाण्यातून किंवा अन्नातून येतो.

सगळे तेच जेवलो, जुलाब एकट्यालाच का?

जठरातलं आम्ल ही पहिली चाळणी. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्यांत जास्त जंतू जिवंत पुढे जातात. मग आतड्यात आधी वसलेल्या जिवाणूंचा अडथळा, पूर्वी झालेल्या लागणीतून आलेली प्रतिकारशक्ती, वय, आणि ताटात नेमका कोणता घास आला हेही.

प्रतिजैविकाचा कोर्स झाल्यावर जुलाब लागले. हे कसं?

औषधाने रोगजंतूंबरोबर आपले रहिवासी जिवाणूही मारले जातात. बहुतेक वेळा हे सौम्य असतं आणि औषध थांबल्यावर जातं. पण मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसाइल नावाचा जिवाणू वाढला, तर त्याची दोन विषं मोठ्या आतड्याच्या पेशी उद्ध्वस्त करतात. कोर्स चालू असताना किंवा पुढच्या काही आठवड्यांत पातळ शौच, ताप आणि पोटदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना त्या कोर्सबद्दल आवर्जून सांगा. त्याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली सुप्त रूपं, अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत. साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात.

ओआरएस तर नुसतं मीठ-साखरेचं पाणी. त्याने काय होणार?

हा गैरसमज मला फार टोचतो, कारण त्याची किंमत मुलं मोजतात. आजही जगात दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं जुलाबांनी जातात.

वर सांगितलेलं आठवा : विष क्लोराइडची दारं उघडतं आणि पाणी बाहेर जातं. नुसतं पाणी प्यायलं तर ते शोषलं जात नाही, नुसतं मीठ घेतलं तर तेही नाही. पण आतड्याच्या पेशीत आणखी एक दार असतं, जे सोडियम आणि ग्लुकोज एकत्र आले तरच उघडतं. हे दार विषाने बंद होत नाही. कॉलऱ्याच्या भर तडाख्यातही ते चालू असतं. त्यातून ग्लुकोज आणि सोडियम आत जातात आणि पाणी त्यांच्यामागे शोषलं जातं. ओआरएस जुलाब थांबवत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. तो गेलेलं पाणी परत आणतो, आणि माणूस दगावतो तो पाणी गेल्याने.

सोडियम आणि ग्लुकोज जोडीने जातात हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडलं. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्याच हाती दिलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातात एवढं सामर्थ्य देणारं दुसरं औषध मला ठाऊक नाही.

ओआरएस नेमका कसा द्यायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट घ्या. एक लिटरसाठी त्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात संपूर्ण पाकीट मिसळा. मुलाला कमी लागतं म्हणून अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नका. २४ तासांनी उरलेलं फेकून नवं करा.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करा.

पाकीट मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालेल. माप चुकवू नका : मीठ जास्त झालं तर धोका आहे, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. त्याच कारणाने शीतपेयं आणि डब्यातले गोड रस ओआरएसच्या जागी देऊ नयेत. ओआरएससारखी दिसणारी गोड पेयंही बाजारात असतात. घटक वाचून घ्या.

आतड्याला विश्रांती म्हणून खाणं किंवा अंगावरचं दूध बंद करावं का?

बिलकूल नाही. अंगावरचं दूध नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा. खाणाऱ्या मुलाला नेहमीचंच अन्न थोडं थोडं द्या. उपाशी आतड्याचं अस्तर लवकर भरून येत नाही. मुलांना डॉक्टर झिंक देतात ते १० ते १४ दिवस पूर्ण करा, जुलाब थांबले तरी : सहा महिन्यांखाली रोज १० मिलिग्रॅम, त्यावर २० मिलिग्रॅम. त्याने हा आजार लवकर आटोपतोच, शिवाय पुढच्या काही महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते.

जुलाब बंद करणारी गोळी घेऊ का?

लहान मुलांना देऊ नका. शौचात रक्त असेल किंवा जोराचा ताप असेल तर मोठ्यांनीही घेऊ नये. या गोळ्या आतड्याची हालचाल मंदावतात, आणि विष व जंतू आतच अडकून राहतात. ओ१५७ मध्ये त्याने एचयूएसचा धोका वाढतो.

प्रतिजैविक कधी लागतं?

पाण्यासारख्या जुलाबांच्या बहुतेक रुग्णांना लागत नाही. मुलांत तर कारण पुष्कळदा विषाणू, उदाहरणार्थ रोटाव्हायरस, असतो आणि त्यावर प्रतिजैविक चालतच नाही. शिगेलाची हगवण, गंभीर कॉलरा, अगदी लहान बाळं, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण, जंतू रक्तात पसरल्याची शंका : इथे ते लागतं आणि जीव वाचवतं. उलट, ओ१५७ मध्ये काही प्रतिजैविकांमुळे जिवाणूतला झोपलेला फेज जागा होतो आणि आणखी विष बाहेर पडतं. साध्या साल्मोनेलात ते दिलं तर आजार लवकर बरा होत नाही, जंतू मात्र शौचात जास्त दिवस राहू शकतात. म्हणून मागच्या वेळची उरलेली गोळी घेणं हे यातलं सगळ्यात वाईट पाऊल.

दवाखान्यात कधी न्यायचं?

यातलं एकही दिसलं तर थांबू नका :

- शौचात रक्त
- सहा-आठ तासांत लघवी नाही किंवा अगदी गडद, थोडी
- डोळे खोल गेलेले, बाळाची टाळू आत गेलेली, रडताना अश्रू नाहीत
- पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश जागेवर येते
- मूल सुस्त आहे, उठवूनही नीट जागं होत नाही, पिऊ शकत नाही
- पाजलेलं सगळं उलटून पडतंय
- जोराचा ताप, किंवा तीन महिन्यांखालचं बाळ
- तांदळाच्या धुवणासारखे भरभरून जुलाब

जाताना वाटेतही ओआरएस पाजत राहा.

शौचाच्या तपासणीत 'ई. कोलाय' आला. घाबरायचं का?

तो प्रत्येकाच्याच शौचात असतो. साध्या कल्चरमधून, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीतून, रोगकारक वाण आणि निरुपद्रवी वाण वेगळे ओळखू येत नाहीत, त्यासाठी विषाच्या जनुकांचा शोध घेणारी पीसीआर किंवा विषाची चाचणी लागते. अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटा, थेट औषधाच्या दुकानात जाऊ नका. लघवीच्या कल्चरमध्ये मात्र ई. कोलाय येणं ही वेगळी बाब आहे.

मग पाण्याच्या अहवालात तो का मोजतात?

कारण तो आतड्यात राहतो. पाण्यात सापडला, म्हणजे त्या पाण्यात माणसाची किंवा जनावराची विष्ठा मिसळली आहे, आणि तिच्याबरोबर काहीही आलेलं असू शकतं. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही नसावा असा निकष आहे. शंका असेल तर पाणी खळखळून उकळा, एक मिनिट पुरतं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. पाणी स्वच्छ दिसतं की गढूळ, यावरून जंतूंचा अंदाज बांधू नये.

घरात एकाला झाले. बाकीच्यांनी काय करायचं?

साबणाने हात : शौचानंतर, बाळाचे लंगोट बदलल्यावर, स्वयंपाकाआधी, जेवणाआधी. एवढ्याने जुलाबांचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी घटतं असं अभ्यासांत दिसलंय. आजारी माणसाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि खाताना आतपर्यंत वाफाळेल असं गरम.

लस आहे का?

रोटाव्हायरस आणि कॉलऱ्यावर तोंडातून द्यायच्या लशी आहेत. ईटीईसी आणि शिगेलावर काम चालू आहे. सर्रास वापरात अजून नाही.

जुलाब थांबले. आता संपलं?

आजार संपतो, जंतू काही दिवस किंवा आठवडे शौचातून जात राहू शकतात. म्हणून स्वयंपाक करणाऱ्या, पाळणाघरात किंवा रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाने कामावर परत कधी जायचं हे डॉक्टरांना विचारावं. काहींना काही आठवडे दूध पचत नाही, कारण दुधातली साखर पचवणारं विकर अस्तराच्या टोकांवर असतं आणि ती टोकं पुन्हा वाढायला वेळ लागतो. ते बहुधा आपोआप सुधारतं. जुलाब १४ दिवसांहून जास्त चालले तर कारण वेगळं असण्याची शक्यता असते, आणि मुलाचं वजन घटत असेल तर तेवढी वाटही पाहू नये.